मनकवडा घोडा, चमचे वाकवणारी पोरं आणि माझी आत्या

लहानपणी आमच्या आळीत नंदीबैल यायचा. गुबगुबीचा आवाज आला की पोरं दप्तरं टाकून धावायची. बैलाच्या पाठीवर रंगीत झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगरमाळ. "यंदा पाऊसपाणी बरं हाय का?" मालक विचारायचा आणि बैल ठामपणे मान डोलवायचा. एकदा त्याने माझ्याकडे बोट करून विचारलं, "ह्यो पोरगा गणितात पास व्हईल का?" बैलाने आडवी मान हलवली. सगळी आळी हसली. मी रागारागाने घरात जाऊन बसलो, पण डोक्यात एकच प्रश्न घोळत होता: सहामाहीला मला गणितात अकरा मार्क पडलेत, हे बैलाला सांगितलं कोणी?

बैलाला कोणीच सांगितलं नव्हतं. तो प्रश्न ऐकत नाही, मालकाची खूण ओळखतो. मालकाला सांगणारा बहुधा माझा थोरला भाऊ असावा. यात फसवाफसवी म्हणावं असंही काही नाही, कारण खूण असते हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, माझ्यासारखा एखादा सोडून. पण समजा, खूण देणाऱ्यालाच आपण खूण देतोय याचा पत्ता नसेल तर? नेमकं तेच बर्लिनमध्ये झालं होतं. दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याच्या दाव्यांची शास्त्रीय तपासणी कशी करतात हे समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात या बर्लिनच्या घोड्यापासूनच करावी असं माझं मत आहे.

घोड्याचं नाव हान्स. मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन हे निवृत्त गणितशिक्षक. त्यांनी या घोड्याला एखाद्या शाळकरी पोराला शिकवावं तसं चारेक वर्षं शिकवलं होतं, फळा आणि मण्यांची पाटी घेऊन. १९०४ पर्यंत हान्सची कीर्ती जर्मनीबाहेर गेली. बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक, घड्याळातली वेळ, महिन्यातली तारीख, काहीही विचारा. हान्स पुढच्या पायाने टापा मारून उत्तर देणार. अक्षरांना आकडे ठरवून दिले होते, त्यामुळे तो माणसांची नावंसुद्धा 'लिहायचा'. फॉन ओस्टेन याचा एक पैसा घेत नसत. त्यांना फक्त घोड्याला अक्कल असते हे सिद्ध करायचं होतं.

लबाडीचा संशय होताच. म्हणून मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या पुढाकाराने एक समिती नेमली गेली. तिच्यात सर्कसवालाही होता आणि पशुवैद्यही; म्हणजे जनावरांना शिकवायच्या खाणाखुणा कोळून प्यायलेली माणसं. सप्टेंबर १९०४ मध्ये त्यांनी निर्वाळा दिला: कुठलीही ठरवलेली खूण दिसत नाही. मालक गैरहजर असला आणि परक्या माणसाने प्रश्न विचारला, तरी घोडा बऱ्याचदा बरोबर उत्तर देतो.

इथे बहुतेकांनी टाळ्या वाजवून विषय संपवला असता. श्टुम्फ यांचे सहकारी ऑस्कर पफुंग्स्ट यांनी संपवला नाही. त्यांना एक साधी गोष्ट सुचली. घोड्याला उत्तर येतं की नाही हे आपण पाहतोय; पण प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर येतं का, हे कोणी पाहिलंच नाही. मग त्यांनी दोघांना घोड्याच्या कानात एकेक आकडा कुजबुजायला लावला. एकाला दुसऱ्याचा आकडा ठाऊक नाही, म्हणजे बेरीज फक्त घोड्याला ठाऊक. हान्स सपशेल नापास! आकड्याचं पान न बघता घोड्यासमोर धरलं, तरी तीच गत. विचारणाऱ्याला उत्तर माहीत असेल तेव्हा मात्र घोडा जवळजवळ दरवेळी बरोबर. डोळ्यांना झापडं लावून विचारणारा नजरेआड केला, तर हान्स त्याला पाहण्यासाठी मान वेळावून धडपडायचा. या प्रयोगांत त्याने पफुंग्स्ट यांना चावेही घेतले.

आता खरी गंमत. पफुंग्स्ट यांनी घोड्याकडे बघणं सोडून माणसांकडे बघायला सुरुवात केली. प्रश्न विचारला की माणूस टापा मोजण्यासाठी नकळत किंचित पुढे वाकतो. ती हान्सची 'सुरू कर'ची खूण. टापांचा आकडा उत्तरापाशी आला की विचारणाऱ्याच्या अंगातला ताण सुटतो आणि डोकं मिलिमीटरभर, कधी त्याहून कमी, वर उचललं जातं. ती 'थांब'ची खूण. फॉन ओस्टेन रुंद काठाची हॅट घालत, त्यामुळे त्यांची हालचाल घोड्याला आणखी ठळक दिसायची. पफुंग्स्ट यांना हे कळल्यावरही त्यांना स्वतःची ती हालचाल रोखता येईना.

मग ते स्वतःच घोडा झाले. प्रयोगशाळेत लोकांना मनात आकडा धरायला सांगायचे, टेबलावर टकटक करायचे आणि समोरच्याचं डोकं हललं की थांबायचे. जवळजवळ प्रत्येकाचा आकडा त्यांनी ओळखला. बहुतेकांना आपण काही खूण दिली हे खरंच वाटेना. त्यांच्या दृष्टीने हा माणूस मनकवडा होता. बिचारे फॉन ओस्टेन हे सगळं मान्य न करताच १९०९ मध्ये वारले.

या घोड्याने शास्त्राला एक नियम दिला. ज्याला उत्तर ठाऊक आहे, असा एकही माणूस चाचणीच्या खोलीत नको. नव्या औषधाची चाचणी घेताना खरी गोळी कोणती आणि साखरेची कोणती हे रोग्यालाही सांगत नाहीत आणि देणाऱ्या डॉक्टरलाही. त्यामागचं तर्कशास्त्र हेच आहे. याला दुहेरी अंध चाचणी म्हणतात. नाव जड आहे, पण अर्थ एवढाच की मिलिमीटरभरही गळती नको.

'गळती' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. असल्या दाव्यांबद्दल आपण घरात भांडतो ते 'खरं की खोटं' यावर, 'श्रद्धा की विज्ञान' यावर. तपासणाऱ्याचा प्रश्न प्लंबरसारखा असतो: माहिती इथून तिथे पोचली ना? मग पाइप कुठून गेलाय ते दाखवा. माहीत असलेले सगळे पाइप बुजवूनही पाणी आलं, तर नव्या झऱ्याची गोष्ट करू.

टेलिपथी, म्हणजे डोळे-कान न वापरता एकाच्या मनातलं दुसऱ्याला कळणं, हा शब्द १८८२ मध्ये फ्रेडरिक मायर्स यांनी घडवला. त्याच वर्षी लंडनमध्ये सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च ही संस्था निघाली आणि असल्या दाव्यांची पद्धतशीर चौकशी सुरू झाली. या संस्थेचा हात आपल्याकडेही पोचला होता. गूढविद्येच्या नादातल्या मादाम ब्लाव्हाट्स्की यांची थिऑसॉफिकल सोसायटी १८७९ ते १८८२ अशी काही वर्षं मुंबईत होती, मग मद्रासजवळ अड्यारला गेली. तिथल्या एका देव्हाऱ्यासारख्या कपाटात 'महात्मे' म्हणवल्या जाणाऱ्या अदृश्य गुरूंची पत्रं आपोआप प्रकट होत असत. लंडनच्या संस्थेकडून रिचर्ड हॉजसन हा तरुण चौकशीला आला, आणि त्याने १८८५ च्या अहवालात लिहिलं की कपाट ज्या भिंतीला टेकलेलं होतं तिच्या पलीकडे बाईंची झोपायची खोली होती आणि मधून वाट होती. पाइप सापडला. पुढे शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये, व्हर्नन हॅरिसन या हस्ताक्षरतज्ज्ञाने लंडनच्या त्याच संस्थेच्या नियतकालिकात हॉजसनच्या चौकशीवर कडक टीका केली, तीही छापली गेली. मला या गोष्टीतला तो दुसरा भाग जास्त आवडतो.

पुढचा टप्पा अमेरिकेतला. ड्यूक विद्यापीठात जोसेफ बँक्स ऱ्हाइन यांनी १९३० च्या दशकात हा विषय दिवाणखान्यातून प्रयोगशाळेत नेला. त्यांचं साधन म्हणजे २५ पत्त्यांचा जोड: वर्तुळ, अधिक चिन्ह, लाटा, चौकोन आणि तारा, प्रत्येकाचे पाच पत्ते. एकाने पत्ता बघायचा, दुसऱ्याने ओळखायचा. अंदाजपंचे दाहोदरसे केलं तरी सरासरी ५ बरोबर येणारच. त्यापेक्षा सातत्याने जास्त आले तर काहीतरी आहे.

हे मी घरी करून पाहिलं. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापल्या, स्केचपेनने चिन्हं काढली आणि संध्याकाळी भाचीला समोर बसवलं. पहिल्या फेरीत तिचे ११ बरोबर आले. दुसऱ्या फेरीत १४. मला दरदरून घाम फुटला. तिसऱ्या फेरीच्या आधी ती म्हणाली, "मामा, चष्मा काढ की जरा." माझ्या मागे भिंत होती, समोर तिच्या डोक्यावर ट्यूबलाइट, आणि हातातल्या पत्त्याचं प्रतिबिंब माझ्या चष्म्याच्या काचेत तिला दिसत होतं. लाट आणि चौकोनात तिचा गोंधळ व्हायचा, तारा मात्र लख्ख दिसायचा. चष्मा काढून आणि पाठ फिरवून बसल्यावर आकडे आले ४, ६ आणि ५.

ऱ्हाइन यांच्या सुरुवातीच्या प्रयोगांवरही असेच आक्षेप आले. विक्रीला निघालेल्या काही पत्त्यांची चिन्हं विशिष्ट उजेडात मागूनही जाणवत. ऱ्हाइन यांनी सुधारणा केल्या, पडदे लावले, अंतर वाढवलं. त्यांचा सगळ्यांत गाजलेला प्रयोग १९३३-३४ मधला: ह्यूबर्ट पिअर्स हा विद्यार्थी एका इमारतीत, पत्ते उलटणारा प्रॅट दुसऱ्या इमारतीत. १८५० पत्त्यांत ३७० बरोबर यायला हवे होते, आले ५५८. हा निव्वळ योगायोग असणं जवळपास अशक्य. पण पुढे मार्क हॅन्सेल या मानसशास्त्रज्ञाने जागेवर जाऊन एक गोष्ट दाखवली. पिअर्स आपल्या खोलीत एकटा होता, त्याच्यावर लक्ष ठेवायला कोणीच नव्हतं. त्याला उठून जाऊन प्रॅटच्या खोलीत डोकावता आलं असतं. त्याने तसं केलं याचा पुरावा नाही. पण पाइप उघडा होता, आणि पाइप उघडा असलेल्या प्रयोगावर एवढा मोठा दावा उभा राहत नाही.

इथे थोडं गणित, घाबरू नका. (अकरा मार्कवाला सांगतोय म्हणजे सोपंच असणार.) २५ पैकी ९ किंवा जास्त पत्ते निव्वळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता साधारण वीसात एक. म्हणजे वीस जणांना बसवलं तर त्यातला एखादा 'अतींद्रिय' निघणारच. त्याला निवडून त्याचीच गोष्ट सांगितली आणि उरलेल्या एकोणीस जणांची पानं फाइलमध्ये ठेवून दिली, की झाला चमत्कार. आपल्याकडे कावळा बसायला आणि फांदी मोडायला म्हणतात ना, तसे वीस कावळे वीस फांद्यांवर बसवून, मोडलेल्या एका फांदीचाच फोटो छापायचा. खरी कसोटी म्हणजे त्या निवडलेल्या माणसाला पुन्हा कोऱ्या पानापासून बसवणं. बहुतेकांचे आकडे तेव्हा घसरून पाचाशी येतात.

कधी गळती संशोधकाच्या पेनातूनच होते. लंडनचे गणितज्ञ सॅम्युअल सोल आधी टेलिपथीच्या प्रयोगांवर कठोर टीका करणारे म्हणून प्रसिद्ध होते. १९४१ ते १९४३ च्या दरम्यान त्यांना बॅसिल शॅकलटन या छायाचित्रकाराकडून थक्क करणारे निकाल मिळाले. साक्षीदार होते, नोंदी होत्या, आणि टीकाकारांनाही पुढची काही दशकं ठोस चूक दाखवता आली नाही. १९७८ मध्ये बेटी मार्कविक यांनी सोल यांच्या आकड्यांच्या याद्या पुन्हा तपासल्या. काही रांगा परत परत वापरलेल्या दिसल्या, पण मधेमधे एखादा जास्तीचा आकडा घुसवलेला. आणि हे घुसवलेले आकडेच बहुतेक 'बरोबर' उत्तरं होती. ते काढून टाकल्यावर चमत्कार उरला नाही.

आता माझा सगळ्यांत आवडता भाग. १९७९ मध्ये विमानकंपनीचे मालक जेम्स मॅकडॉनेल यांनी सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाला मानसिक शक्तींच्या संशोधनासाठी ५ लाख डॉलर दिले. पीटर फिलिप्स हे भौतिकशास्त्रज्ञ प्रमुख झाले. तेव्हा युरी गेलर 'मनाच्या जोराने' चमचे वाकवून जगभर गाजत होता. त्याच्यावरच्या प्रयोगांचा एक लेख तर १९७४ मध्ये 'नेचर'सारख्या नियतकालिकात आला होता. तोच गेलर १९७३ मध्ये जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमात मात्र वीसेक मिनिटं बसून काहीच करू शकला नव्हता. कारण कार्सन स्वतः एके काळचा जादूगार. त्याने जेम्स रँडी या जादूगाराचा सल्ला घेतला, सगळं सामान कार्यक्रमवाल्यांनीच आणलं आणि गेलरच्या माणसांना त्याला हात लावू दिला नाही.

सेंट लुईसची प्रयोगशाळा निघाल्यावर याच रँडीने फिलिप्स यांना पत्र लिहिलं. सावध कसं राहायचं याच्या सूचना दिल्या आणि मदत करतो म्हणाला. ती मदत तेव्हा घेतली गेली नाही. मग रँडीने स्टीव्ह शॉ आणि मायकेल एडवर्ड्स ही दोन पोरं मानसिक शक्ती असल्याचं सोंग घेऊन तिकडे पाठवली. दोघंही विशीच्या आतली, दोघंही हौशी जादूगार. अट एकच: कोणी सरळ विचारलं की 'तुम्ही हातचलाखी करताय का?', तर खरं सांगायचं.

कोणी विचारलंच नाही.

पोरांनी काय केलं ते जवळून बघण्यासारखं आहे. टेबलावर बरेच चमचे ठेवलेले, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर क्रमांक. आधी प्रत्येक चमच्याचा बाक मोजून ठेवायचा, नंतर परत मोजायचा. पोरांना चिठ्ठ्यांचा त्रास होऊ लागला म्हणून त्यांनी त्या काढल्या, आणि परत बांधताना एकाची दुसऱ्याला बांधली. बस्स. दोन चमच्यांमध्ये मुळातच थोडा फरक असतो. नंतर मोजल्यावर दोन्ही 'वाकलेले' निघाले. चमच्याला कोणी जोरही लावला नव्हता. लिफाफ्यात बंद केलेलं चित्र ओळखायचं असेल, तर लिफाफ्याला स्टेपलरच्या पिना. खोलीत एकटं सोडल्यावर पिना नखाने काढायच्या, चित्र बघायचं, पिना त्याच भोकांत परत बसवायच्या. विजेचा फ्यूज मनाच्या जोराने उडवायचा? आधीच उडालेला फ्यूज हळूच बदलून हातात द्यायचा.

विद्वान माणसं अशी कशी फसली, असं आपल्याला वाटतं. मला त्यात नवल वाटत नाही. निसर्ग अवघड असतो, पण तो तुमची नजर चुकवून चिठ्ठ्या बदलत नाही. आयुष्यभर निसर्गाशी व्यवहार केलेल्या माणसाला लबाडी पकडायची सवय नसते. ती सवय असते जादूगाराला, किराणा दुकानदाराला आणि परीक्षेला पर्यवेक्षण करणाऱ्या मास्तरला. फिलिप्स यांच्या बाजूने एवढं सांगायला हवं की १९८१ मध्ये टीका कानावर आल्यावर त्यांनी नियम कडक केले, आणि नियम कडक होताच पोरांची 'शक्ती' आटली. १९८३ मध्ये रँडीने पत्रकारांसमोर सगळा प्रकार उघड केला. संशोधकांना असं फसवणं योग्य होतं का, यावर तेव्हा खूप वाद झाला. मला विचाराल तर मीही काठावर आहे. वर्षानुवर्षं कोणाला झुलवत ठेवणं वाईटच. पण शांतपणे लिहिलेल्या पत्राने जे झालं नाही, ते या दोन पोरांनी केलं, हेही खरं.

इथपर्यंत पत्ते, घोडे, चमचे. पण आपल्याकडे लोक ज्या मनकवड्यांकडे जातात तिथे यातलं काहीच नसतं. समोर बसायचं आणि तो बोलतो. तिथली गळती तुमच्या तोंडातूनच होते.

आमची आत्या दोन वर्षांपूर्वी अशा एकाकडे जाऊन आली. घरी येऊन म्हणाली, "अरे, तुझे काका हार्टने गेले हे त्याने आपणहून सांगितलं. मी तोंड उघडलं नव्हतं." सोबत गेलेल्या चुलतबहिणीने फोनवर रेकॉर्डिंग केलं होतं. आत्या झोपल्यावर मी ते ऐकलं. माणूस सावकाश म्हणतो, "घरातलं एक मोठं माणूस गेलंय... छातीचं काहीतरी दिसतंय." थांबतो. आत्याचा आवाज: "हो हो, आमचे हे. अॅटॅकच आला होता." मग तो: "तेच सांगतोय, हृदय." त्याआधी त्याने 'डाव्या पायाचं दुखणं', 'स अक्षराचं माणूस' आणि 'जमिनीचा वाद' असे तीन खडे टाकले होते. त्यातला एकही लागला नव्हता. आत्याला ते तिन्ही आठवत नव्हते. साठी ओलांडलेल्या बाईच्या घरात छातीच्या दुखण्याने किंवा श्वास लागून कोणी गेलं नसेल, असं घर शोधायचं तरी कुठे?

हे काही आत्याच्या भोळेपणाचं उदाहरण नाही. १९४८ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं 'स्वतंत्र' वर्णन दिलं. ते किती जुळतं याला शून्य ते पाच गुण द्यायचे होते. सरासरी ४.२६ आली. मग सगळ्यांना कळलं की प्रत्येकाच्या कागदावर शब्द न् शब्द तोच मजकूर आहे, आणि त्यातला बराचसा फोररनी स्टॉलवरच्या एका भविष्याच्या पुस्तकातून उचलला होता. 'बाहेरून तुम्ही खंबीर दिसता, पण आतून काळजी करता' हे वाक्य कोणाला लागू पडत नाही?

मग बोलण्यावर चालणारा दावा तपासायचा कसा? तोंडाचा पाइप बुजवून. याचं नमुनेदार उदाहरण पुण्यातलंच आहे, फक्त ते मनकवड्यांचं नसून फलज्योतिषाचं. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये ज्योतिष्यांना आवाहन केलं. २०० मुलांच्या जन्मपत्रिका जमवल्या: १०० हुशार विद्यार्थ्यांच्या, १०० मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यातल्या ४० द्यायच्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते विचारायचं. समोर ना मूल, ना आईबाप, ना चेहरा. खडा टाकून बघायला माणूसच नाही.

२७ ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवलं तर ४० पैकी सरासरी २० बरोबर यावेत. त्यांची सरासरी त्याहूनही थोडी कमी भरली. सर्वांत पुढे असलेल्याचे २४ आले. हा आकडा ऐकून 'बघा, निदान एकाला तरी येतं' म्हणणारे भेटतात. पण २७ माणसांना नुसती नाणी उडवायला बसवलं, तरी तीनचार जणांचे २४ किंवा जास्त येतील. एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका मागून घेतल्या. त्यांची १०२ बरोबर आली. ज्योतिषाबद्दल कोणाचं काय मत असायचं ते असो, चाचणीची बांधणी शिकण्यासारखी आहे: दावा काय, किती गुण म्हणजे पास, किती म्हणजे नापास, हे निकालाच्या आधी कागदावर. २०२३ च्या जानेवारीत नागपुरात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते श्याम मानव यांनी एका कथावाचक बाबांना मनातलं ओळखून दाखवा म्हणून ३० लाखांचं आव्हान दिलं, तेव्हा टीव्हीवर आठवडाभर आरडाओरडा झाला. चाचणी झाली नाही. माझ्या मते आरडाओरड्यात खर्च झालेला वेळ असला कागद लिहिण्यात गेला असता तर बरं झालं असतं.

एक हिशेब मात्र उलट्या बाजूचाही आहे. २०११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाचे नामवंत मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी नऊ प्रयोग छापले. हजारावर लोक, आणि निष्कर्ष असा की माणसाला पुढे घडणाऱ्या गोष्टीची किंचित चाहूल आधी लागते. हे छापून आलं ते मानसशास्त्राच्या अत्यंत प्रतिष्ठित नियतकालिकात. इतरांनी प्रयोग परत करून पाहिले, काही सापडलं नाही. पण तेवढ्यावर थांबता येईना, कारण बेम यांनी लबाडी केली नव्हती. त्यांच्या पद्धती त्या काळच्या इतर मानसशास्त्रज्ञांसारख्याच होत्या. त्या पद्धतींनी अशक्य गोष्टही सिद्ध होत असेल, तर आपण सिद्ध केलेल्या साध्या गोष्टींचं काय? २०१५ मध्ये एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातले १०० छापील प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम तिसऱ्या हिश्शाहून थोड्या जास्त प्रयोगांत पहिल्यासारखा ठोस निकाल आला. आज अनेक संशोधक प्रयोग सुरू करण्याआधीच आपला आराखडा जाहीर नोंदवून ठेवतात. पुण्याच्या कागदाचंच हे मोठं भावंड.

आणि मन वाचणारं यंत्र? तेही आलंय, एका अर्थी. २०२३ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंदूतल्या रक्तप्रवाहाच्या चित्रणावरून माणूस ऐकत असलेल्या गोष्टीचा सारांश शब्दांत उतरवून दाखवला. शब्दाला शब्द नाही, मथितार्थ. गोष्टीतलं माणूस म्हणालं की 'माझ्याकडे अजून लायसन्स नाही', तर यंत्राने लिहिलं की तिने अजून गाडी शिकायलाही सुरुवात केलेली नाही. इथे पाइप उघडउघड दिसतो: रक्त, चुंबक, संगणक. त्यासाठी त्या माणसाला आधी १६ तास यंत्राच्या बोगद्यात न हलता झोपून गोष्टी ऐकाव्या लागल्या. एकाच्या मेंदूवर शिकवलेलं ते यंत्र तेव्हा दुसऱ्याला लागू पडलं नाही. आणि आत पडल्या पडल्या तुम्ही मनात सातसातने आकडे मोजायला लागलात, तर त्याला काहीच कळत नाही.

हे मी परवा आत्याला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं.

"सोळा तास?" ती म्हणाली. "त्यापेक्षा आमचा तो बरा. दहा मिनिटांत सांगतो, आणि चहापण देतो."